बाटलीतला उपाशी जंतू

“पण अन्न समोर असून जंतू उपाशी मरतोच कसा, अक्का?”

मठाच्या स्वयंपाकघरात ऋजुता बसली होती. मांडीवर आठ महिन्यांचा ओजस किरकिरत होता, ताटातली भाकरी गार होत होती.

मठ सांभाळणाऱ्या गोदाक्कांनी गोबरगॅसची शेगडी बारीक केली. “तू शिकलेली. तूच सांग.”

सांगण्यात ऋजुता कधी मागे नव्हती. बाळंतपणाच्या रजेआधी याच मठाच्या गोबरगॅसच्या टाकीतला एक जंतू तिने प्रयोगशाळेत नेला होता. हवा नसताना, व्हिनेगरमध्ये असतं ते आम्ल फोडून खाणारा. त्याला चिकटून कायम दुसरा एक असायचा. ती भेसळ समजून तिने त्याला मोठ्या हौसेने काढून टाकलं. मग बाटलीत हा एकटा, अगदी शुद्ध... आणि आम्लाला तोंड लावीना.

“सोवळ्यात बसवलंस की गं त्याला!”

ऋजुता ओशाळली.

“तो दुसरा काय करायचा?”

“हा खातो तेव्हा हायड्रोजन सुटतो. तो साचला की याचं खाणंच बंद. दुसरा तो हायड्रोजन उचलतो, त्याचा मिथेन करतो. तोच जळतोय तुमच्या शेगडीत.”

“म्हणजे चोर?”

“मलाही तसंच वाटलं होतं...”

ओजसने सूर चढवला.

खरं तर ती हे विचारायला आलीच नव्हती. सोमवारी रजा संपत होती. सासूबाई म्हणत होत्या, ठेव माझ्यापाशी. वाटभर तोच एक प्रश्न घोळवत आली, आणि तोंडातून निघाला जंतू! एवढं शिकून हे.

“अक्का, मी कामावर गेले तर हा... माझा राहील का?”

अक्कांनी नुसते हात पुढे केले.

“नको, रडेल. त्याला मीच लागते.”

हात तसेच.

तिने दिला. ओजसने अक्कांचा पदर ओढला आणि चक्क हसला.

ऋजुताला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी हेवाही वाटला. दोन्ही एकदम कसं, तिला कळेना.

“बघा! विसरलासुद्धा मला.”

“जेव.”

ती जेवली. किती भूक लागली होती ते घास पोटात गेल्यावर कळलं. मग घाईघाईने हात धुऊन ती पुढे सरकली.

“द्या आता. माझा मला परत द्या.”

अक्का ओजसच्या मुठीतून पदर सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“गेला केव्हा होता गं?”