बदकीचे ओले पंख

फार फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो. तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची. माणसं मात्र तेव्हाही आपल्या सोयीनंच ऐकायची.

एका तळ्याच्या काठी एक गाव होतं. घरोघरी परसात कोंबड्या, नाहीतर बदकं. त्या गावाची एक रीत होती. घरात पहिलं मूल झालं, की सुनेच्या माहेराहून बदकीचं एक पिल्लू यायचं. ते बाळाबरोबर वाढायचं. मोठी होऊन ती बदकी पहिल्यांदा अंड्यांवर बसली, की त्यातून निघतील ती पिल्लं म्हणजे बाळाची भावंडं. भावंडं तुरुतुरु चालली की बाळही चालणार, असं सगळं गाव मानायचं.

त्या गावात साळू नावाची एक तरुण आई होती. तिच्या लेकाला दात आले, बोबडे बोल आले, पण पाऊल काही येईना. त्याच्या जोडीची पोरं अंगणात धुडगूस घालायची आणि हा आपला आईच्या कडेवर. साळू चूल पेटवायची ती त्याला कडेवर घेऊन, दळण दळायची ती त्याला मांडीवर घेऊन. खाली ठेवला तर पडेल, कोंबडा टोचेल, मुंगी डसेल. तिचा जीव सदा टांगणीला.

रोज तळ्यावर निघालेल्या बायका कुंपणाबाहेरून हाक मारायच्या, "साळे, येतेस का गं? डोकं धुऊ, चार गोष्टी करू."

"याला कोण बघेल?" साळू म्हणायची.

ओटीवर बसलेली तिची सासू दोन्ही हात पुढे करायची. "अगं, मी काय या घराचा खांब आहे का? दे की माझ्याजवळ."

"नको, आत्याबाई. तो रडतो."

"रडला तर रडला. रडून कुणाचं पोर विरघळलंय?"

पण साळू देत नसे. घरातच घाईघाईनं दोन तांबे अंगावर ओतून घ्यायची. केसांना किती दिवसांत पाणी लागलं नव्हतं, तिचं तिलाच आठवत नव्हतं.

अशात एके दिवशी तिची माहेराहून आलेली बदकी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला आली. टोपलीतून उठेना, जवळ गेलं की फिसकारायची. साळूला कोण आनंद झाला! तिनं टोपलीत राख पसरली, वर मऊ पेंढा घातला, अंडी नीट मांडली आणि बदकीला त्यांवर बसवलं. मग बाळाला म्हणाली, "राजा, तुझी भावंडं येणार हं. मग तूही चालशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय, बदकीनं आपल्या पोटाची पिसं अंड्यांवर ओढली, वरून पेंढा सारला आणि निघाली डुलत डुलत तळ्याकडे!

साळूनं अंड्यांना हात लावला. कोमट.

"अगं ए भटके!" ती बदकीच्या मागे धावली. "पोटची अंडी उघडी टाकून पोहायला निघालीस? आई आहेस का वैरीण?"

"घटकाभर जाते आणि येते," बदकी म्हणाली.

"तळ्यावर काय ठेवलंय तुझं?"

"ते मला सांगता येत नाही बाई. पाणी हाक मारतं आणि मी जाते. माझी आईही जायची."

"मला नाही हाक मारत पाणी! माझं लेकरू मी क्षणभर डोळ्याआड केलेलं नाही." असं म्हणून साळूनं बदकीला उचललं, टोपलीत बसवलं आणि कोंबड्या झाकायचं मोठं डालगं तिच्यावर पालथं घातलं. वर दगड ठेवला. आत कण्यांची वाटी आणि प्यायला पाण्याचं बोळकं.

"खा, पी आणि ऊब दे. आणखी काय हवं असतं आईला?"

आत्याबाई ओटीवरून बघत होत्या. "साळू, तिची जात पाण्याची आहे. जाऊ दे तिला."

"आणि अंडी गार पडली म्हणजे? माझ्या बाळाचं नशीब आहे त्यात, आत्याबाई!"

सुनेच्या रागाशी आत्याबाई भांडल्या असत्या, पण हा राग नव्हता, भीती होती. भीतीशी कोण भांडणार?

रोज सकाळी बदकी डालग्याच्या आतून म्हणायची, "बाई, जाऊ दे गं." रोज साळू म्हणायची, "बस गुपचूप." मग बदकीनं म्हणणंच सोडलं.

अंडी फुटायची वेळ आली. साळूनं डालग्यात हात घालून एक अंडं कानाशी लावलं. आत टकटक! बारीकशी चिवचिव! तिनं ते बाळाच्या कानाशीही धरलं. बाळ खुदकन हसलं.

अंड्यांना तडे गेले. इवल्या चोचींची टोकं दिसली. पण तेवढंच. ऊन अंगणभर पसरलं, ऊन परतू लागलं, तरी एकही पिल्लू बाहेर येईना. कवचाखालचा पापुद्रा वाळून पापडासारखा कडक झाला होता आणि आतल्या पिल्लाला चिकटून बसला होता. आतली चिवचिव बारीक होत चालली.

साळूनं एक अंडं बाहेर काढून कवच सोलायला घेतलं. पापुद्र्यावर लगेच रक्ताचा ठिपका आला.

"नख लावू नकोस!" आत्याबाई ओरडल्या. "जीव जाईल त्याचा!"

"एवढं जपलं," साळू रडत म्हणाली, "एक क्षण ऊब तुटू दिली नाही. मग असं का?"

तिनं डालग्याच्या फटीतून आत पाहिलं. बदकी बसून होती. पण तिचे पंख जुन्या केरसुणीसारखे कोरडे, विस्कटलेले. चोच उघडी, डोळे विझलेले. साळूला आपले तेल ना पाणी असे केस आठवले. आपलाच चेहरा तिला तिथे दिसला.

"काय करू गं?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत ती बदकीला नुसतं सांगत आली होती. विचारलं ते पहिल्यांदाच.

"डालगं उचल," बदकी म्हणाली.

साळूनं डोळे मिटून डालगं उचललं. बदकी धडपडत उठली आणि मान ताणून तळ्याकडे पळत सुटली. साळूला वाटलं, नेमक्या वेळी सोडून गेली!

पण बदकी परत आली. येताना अंगणभर पाण्याची ओळ उमटली. निथळत्या पिसांनी ती अंड्यांवर बसली, चोचीनं एकेक अंडं फिरवलं, पोटाखाली घेतलं. पाणी पेंढ्यात झिरपलं, कवचांवर पसरलं. थोड्या वेळानं साळूनं हात घातला. आत उबदार होतं आणि दमट होतं, पावसाळ्यातल्या मातीसारखं. पापुद्रा मऊ पडला होता.

आणि मग टच्चकन एक कवच फुटलं. एक ओलं, पिवळं, लडबडलेलं पिल्लू बाहेर पडलं. त्यामागे दुसरं. मग आणखी.

एक अंडं मात्र तसंच राहिलं. साळूनं ते तुळशीच्या मुळाशी पुरलं आणि खूप वेळ तिथे बसली.

आत्याबाई तिच्याजवळ येऊन टेकल्या. "पोरी, आपण मायेची ऊब म्हणतो ना, तसं मायेचा ओलावाही म्हणतो. ऊब घरात बसून देता येते. ओलावा बाहेरून आणावा लागतो."

साळूनं हाताची माती झटकली.

दुसऱ्या दिवशी बायकांनी नेहमीसारखी हाक मारली. साळूनं बाळाला ओटीवर उतरवलं, आत्याबाईंजवळ दिलं आणि मागे न बघता चालू लागली. बाळानं भोकाड पसरलं. तिचे पाय जड झाले, पण थांबले नाहीत.

तळ्यात तिनं केस सोडले. बुडी मारली. कुणीतरी तिच्या अंगावर पाणी उडवलं आणि किती दिवसांनी ती खळखळून हसली.

ती परत आली तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं. बाळ ओटीखाली अंगणात खांबाला धरून उभं होतं, डोळे कुंपणाच्या दाराकडे लावून. आई दिसली तसा त्यानं खांब सोडला. एक पाऊल टाकलं. डुललं. दुसरं टाकलं. बदकीच्या पिल्लांच्या रांगेतून, हात पसरून, ते आईच्या ओल्या लुगड्यावर येऊन आदळलं.

"आत्याबाई, चाललं! भावंडांच्या पायगुणानं चाललं!"

"भावंडांच्या नाही गं," आत्याबाई डोळे पुसत हसल्या. "आजवर ते चालत जाणार कुणाकडे होतं? तू कधी लांब गेलीच नव्हतीस."

तेव्हापासून त्या गावात कुणी नवी आई लेकराला फारच चिकटून बसली, की म्हाताऱ्या तिला सांगतात, "जा बाई, पंख ओले करून ये."

तात्पर्य: मायेला ऊब लागते तसा ओलावाही लागतो, आणि तो आणायला आईनं घटकाभर दूर गेलंच पाहिजे.