बाभळीच्या काठावरची रांग

तळ्यातली कासवं पाठीवरून प्रवासी नेत, त्या काळची ही गोष्ट. कमळांच्या काठाला घडीघडीला कासव लागायचं. बाभळीच्या काठाला दिवसातून एकच, तेही सकाळी.

बाभळीखालच्या चिचुंद्रीचं पिल्लू एका दुपारी तापानं फणफणलं. वैद्य पैलतीरी. पिल्लाला तोंडात धरून ती काट्याकुट्यांतून तळ्याला वळसा घालून निघाली. पोचली तेव्हा पिल्लू गार पडलं होतं.

तिथून ती थेट फेऱ्या ठरवणाऱ्या बगळ्याकडे गेली. "साहेब, दुपारी एक तरी कासव आमच्याकडे पाठवा."

"मी रोज दुपारी वरून पाहणी करतो, बाई," बगळा म्हणाला. "कमळांकडे ही रांग लागलेली असते. तुमच्या काठावर चिटपाखरू नसतं."

"कासवच येत नाही, तर उभं कोण राहणार? सगळे चालत जातात."

"चालत जाता येतं होय?" बगळा विचारात पडला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं कासवही कमळांकडे गेलं.

तेव्हापासून चिचुंद्री रोज दुपारी काठावर येऊन उभी राहू लागली, वरून कुणीतरी दिसावं म्हणून. पण बगळा त्या बाजूला फिरकेनासा झाला. जिथं कासवच जात नाही, तिथं पाहणी कसली करायची?