डुबकीआत्या आणि तुटलेला तंग

एक होती बेडकी. नाव तिचं डुबकी. राहायची कुठे? घोड्याच्या हौदात. डुबुक डुबुक!

एक दिवस एक चतुर उडत आला. भिर्रर्र!
"डुबके, डुबके, निरोप आहे. माळापलीकडच्या तळ्यात तुझ्या दादाकडे पाळणा हलला. आज बारसं! आत्यानं यायचं. बाळाच्या कानात कुर्र करायचं. मग नाव ठेवायचं."
आत्या म्हणजे कोण? डुबकीच की!
"आणि उशीर करू नकोस," चतुर म्हणाला. "आत्या नाही आली, तर मावशी कुर्र करणार आहे."
मावशी? कुर्र आत्याचं, आणि करणार मावशी? मग आत्याचं नाक राहील का? बेडकीला नाक ते केवढं? एवढुस्सं. पण तेसुद्धा कापलं जाईल ना!

माळावर ऊन कडक. बेडकीचे पाय भाजले असते. म्हणून डुबकी गेली पवन्याकडे. पवन्या म्हणजे तट्टू. नाव पवन्या, आणि चाल गोगलगाईची. त्याच्या पाठीवर खोगीर. खोगीर म्हणजे बसायची गादी. ती घसरू नये म्हणून पोटाखालून चामड्याचा पट्टा. त्या पट्ट्याला म्हणतात तंग.

डुबकी बसली ऐटीत. "चल रे पवन्या!"
टॉक टॉक. टॉक टॉक. टॉक...
तट्ट!
तंग तुटला. खोगीर घसरलं. डुबकी उडाली आणि पडली. फचाक! कुठे? लिदीत!

"पवन्या, तसाच ने ना रे."
"छे छे! तू गुळगुळीत, मी गुळगुळीत. पुन्हा पडशील. आधी तंग शिवून आण, मग नेतो."

डुबकीनं तुटका तंग तोंडात धरला. निघाली ओढत. टपाक टपाक, सर्र सर्र. टपाक टपाक, सर्र सर्र.

वाटेत होतं जिनगरमामाचं दुकान. जिनगरमामा खोगीर करतो, लगाम करतो, तुटलेलं सगळं शिवतो.

"मामा, मामा, तंग शिव.
तट्टू काही चालेना,
बारसं काही होईना!"

मामानं तंग वाकवला. कर्रर्र! चामडं वाजलं.
"हा कुणी उन्हात वाळवला? चामडं म्हणजे काय पापड आहे? तेल नाही, पाणी नाही. मग तुटेल नाही तर काय होईल!"
"मामा, रागावू नको ना. शिव ना."
"शिवेन. पण मेण संपलंय. दोऱ्याला मेण नसेल तर दोरा भिजतो, कुजतो, तुटतो. मेण आण, मग शिवतो."

टपाक टपाक, टपाक टपाक. डुबकी गेली मधमाशीकडे.

"माशीबाई, माशीबाई, मेण दे.
मामा तंग शिवेना,
तट्टू काही चालेना,
बारसं काही होईना!"

"गुंऽऽ गुंऽऽ! देईन. पण माझं पोट रिकामं. भोपळ्याला एक फूल नाही. मी खाऊ काय आणि मेण करू कशाचं? फूल आण, मग देते."

टपाक टपाक, टपाक टपाक. डुबकी गेली भोपळ्याच्या वेलाकडे.

"वेलोबा, वेलोबा, फूल दे.
माशी मेण देईना,
मामा तंग शिवेना,
तट्टू काही चालेना,
बारसं काही होईना!"

वेलोबा मान टाकून पडले होते.
"आऽई गं! घसा कोरडा. पानं कोरडी. पाणी आण, मग फुलतो."

टपाक टपाक, टपाक टपाक. डुबकी गेली बैलाकडे. कारण विहिरीतलं पाणी बैलच वर काढायचा. कशानं? मोटेनं. मोट म्हणजे चामड्याची मोठ्ठी पिशवी. बैलानं ओढली की ती पाणी घेऊन वर येते.

"बैलदादा, बैलदादा, मोट ओढ.
वेल काही फुलेना,
माशी मेण देईना,
मामा तंग शिवेना,
तट्टू काही चालेना,
बारसं काही होईना!"

चपर चपर. चपर चपर. बैलदादा रवंथ करत होते.
"ओढली की. सकाळपासून दहादा ओढली. मोट वर येते रिकामी! रिकामी मोट ओढायला मी काय वेडा आहे? मोटेला पाणी धरू दे, मग ओढतो."

टपाक टपाक, टपाक टपाक. डुबकी गेली मोटेकडे.

"मोटमावशी, मोटमावशी, पाणी धर.
बैल मोट ओढेना,
वेल काही फुलेना,
माशी मेण देईना,
मामा तंग शिवेना,
तट्टू काही चालेना,
बारसं काही होईना!"

"धरेन गं बाई. पण बुडाला भोक आहे माझ्या. धरलं की गळतं. गळ गळ गळ! मला टाका हवा. मामाला सांग, मग धरते."

मामाला? कुठल्या मामाला?
जिनगरमामाला!

टपाक... टपाक... टपाक... टपाक... डुबकी आता दमली होती.

"मामा, मामा, टाका घाल.
मोट पाणी धरेना,
बैल मोट ओढेना,
वेल काही फुलेना,
माशी मेण देईना,
मामा तंग शिवेना,
तट्टू काही चालेना,
बारसं काही होईना!"

मामानं सगळं ऐकलं. मान हलवली.
"अरेरे! कोण गं हा मामा? फारच हट्टी दिसतो."
"तूच!"
"मी?" मामानं जीभ चावली.
"मग घाल ना टाका!"
"घालेन की. मेण आण, मग घालतो."

बघा आता! मामा म्हणतो मेण. माशी म्हणते फूल. वेल म्हणतो पाणी. बैल म्हणतो मोट. मोट म्हणते मामा. आणि मामा म्हणतो... मेण!

डुबकी मटकन खाली बसली. रडली. "डराँव! डराँव! बारसं चुकलं! मावशी कुर्र करणार!"
मग तिला आला राग. बेडकीला राग आला की ती फुगते. फुगली. आणखी फुगली. आणि उड्या मारत विहिरीवर गेली.

तिनं मोटेच्या भोकाकडे बघितलं.
मग आपल्या बुडाकडे बघितलं.
पुन्हा भोकाकडे बघितलं.
"मोटमावशी, हलू नकोस हं!"
आणि डुबकी बसली भोकात. फच्च!
असं घट्ट बसलं बूड, की थेंबसुद्धा गळेना.
"अगं, गुदगुल्या होतात!" मोट म्हणाली.
"हसू नकोस. पाणी धर!"

मग काय झालं?

मोट पाणी धरू लागली.
बैल मोट ओढू लागला. कर्रर्र कर्रर्र! वर आली भरलेली मोट. पाणी पाटात, धो धो धो! मोट झाली रिकामी, आणि डुबकी सुटली. पॉक!
वेल पाणी पिऊ लागला. घट घट घट. एक फूल, फट्! दुसरं फूल, फट्! दहा फुलं, फट् फट् फट्!
माशी फुलांवर बसली. पोटभर जेवली. गुंऽऽ! आणि दिला मेणाचा गोळा.
मामानं मेण घेतलं.

आता बघा मामाची गंमत. दोऱ्याला मेण, सर्र सर्र. चामड्याला आरीनं भोकं, टुच टुच. एका दोऱ्याला दोन सुया. एक जाते इकडून, एक येते तिकडून.
"मामा, अगदी जवळ जवळ टाके घाल. पक्कं होईल."
"तू शहाणी! जवळ जवळ भोकं पाडली तर चामडं तिथंच फाटतं. थोडी जागा सोडायची."
टुच, सर्र. टुच, सर्र. झालं! मग वरून तेल. चोळ चोळ चोळ. तंग कसा मऊ झाला!

मामा स्वतः आला पवन्याकडे. खोगीर ठेवलं. तंग आवळला.
"पवन्या, तंग सावलीत ठेवायचा. पुन्हा उन्हात टाकलास, तर तुलाच वाळत घालीन!"
पवन्यानं कान पाडले.
मग उरलेलं मेण घेऊन मामा गेला मोटेकडे. म्हणाला, "एकदा सांगितलं असतं तर..." आणि पुन्हा त्यानं जीभ चावली.

डुबकी बसली. "चल रे पवन्या!"
टॉक टॉक. टॉक टॉक. आज पवन्या धावला! खरंच धावला! टॉकटॉकटॉकटॉक!

तळ्यात सगळे जमले होते. कमळाच्या पानाचा पाळणा. मावशी वाकली होती. ओठ पुढे केले होते. कु...
"थांबाऽऽ!"
डुबकीनं खोगिरावरून घेतली उडी. डुबुक! थेट पाळण्यापाशी.
"सरका! आत्या आली!"

तिनं पाळण्यात बघितलं. एक बाळ? नाही. दोन बाळं? नाही. शेपट्या! शेपट्याच शेपट्या! वळवळ वळवळ! किती? शंभर!
"दादा! शंभर बाळं? आधी का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर आली असतीस?" दादा म्हणाला.
"आणि यांचे कान कुठे आहेत?"
"असतील कुठेतरी. तू कर कुर्र."

आता बारशाची एक रीत आहे. आत्यानं कुर्र केलं, की सगळ्यांनी आत्याच्या पाठीत घालायचा धपाटा. रीत म्हणजे रीत! आणि सगळ्यात पुढे कोण उभी? मावशी. हात वर करून!

कुर्रर्र! धप्!
कुर्रर्र! धप्!
कुर्रर्र! धप्!

किती वेळा? शंभर वेळा! पण डुबकीला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की एकदाही ती "आई गं" म्हणाली नाही. शंभर बाळांची एकुलती एक आत्या ती. तिचा मान तिला मिळाला. आणि धपाटेसुद्धा.

आत्याची पाठ शेकली,
आमची गोष्ट संपली.
आता तुझी पाठ कुठेय बघू?
कुर्रर्र... धप्!