देऊळ वर येईपर्यंत

“पण एवढ्या मोठाल्या बँका बुडतील कशा, बुवा?”

विश्राम खटावकरांनी विचारलं. पाटबंधारे खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. फंडाची रक्कम हाती आली होती, आणि ती मोठ्या बँकांच्या शेअरमध्ये घालावी की नाही, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

निरंजनबुवा घाटाच्या वरच्या पायरीवर टेकले होते. कृष्णेला पूर आला की पालखीतले देव वरच्या मठात न्यायचे, ही इथली रीत. बुवा नुकतेच देव ठेवून आले होते. खाली दगडी देऊळ पाण्यात गेलं होतं, कळस तेवढा दिसत होता.

खटावकर बोलत सुटले. मेहुण्याने डिमॅट खातं उघडून दिलं होतं. भाव पडलेत, हीच वेळ आहे, असं त्याचं म्हणणं. रक्कम वाढली तर बायकोच्या, शालिनीच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन चांगल्या इस्पितळात होईल, वर हाताशी चार पैसे उरतील. डॉक्टर म्हणाले होते, थोडं थांबता येईल, पण वर्षाच्या वर नको. आणि नेमके पैसे लागतील तेव्हाच भाव आणखी पडले तर...

 

बुवा पाण्याकडे बघत राहिले.

“तुम्ही नुसतं हो म्हणा, बुवा. म्हणजे मी निर्धास्त होईन.”

पैसे खटावकरांचे, भीतीही त्यांचीच. फक्त होकार तेवढा बुवांचा हवा होता.

“विश्राम, ते देऊळ पडेल का रे?”

“छे. दरवर्षी बुडतं, दरवर्षी वर येतं. एक चिरा हलत नाही.”

बोलता बोलता खटावकरांच्या जिवात जीव आला.

“म्हणजे बँकांचंही तसंच ना?”

“तसंच.” बुवा त्यांच्याकडे वळले. “आता श्वास धर.”

“किती वेळ?”

“देऊळ वर येईपर्यंत.”

बुवा थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. पण बुवांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खटावकरांनी नाक दाबलं, तोंड मिटलं आणि कळसावर नजर लावली. बघता बघता कान तापले, छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी ते धापा टाकत पायरीवर बसले.

पाणी होतं तिथेच होतं.

बुवांनी मागे बोट केलं. देवदर्शनाला निघालेल्या शालिनीबाई मठाच्या पायऱ्या चढता चढता मध्येच बसल्या होत्या. एक हात कठड्यावर, एक छातीवर. नवरा बघतोय म्हणून त्या हसल्या, पण बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

खटावकर धडपडत उठले.

“बुवा...”

“आता तिला सांग श्वास धरायला.”