इंजिनरावांचं सोवळं

गाड्यांना वाचा होती त्या काळातली गोष्ट. एका जीपचं डिझेल इंजिन कडक सोवळ्याचं होतं. एकदा आत येणाऱ्या ताज्या हवेत त्याला जळका वास आला. चौकशी केली, तर शेजारची झडप त्यानेच बाहेर सोडलेला धूर थोडा थोडा परत त्याच्या तोंडी घालत होती.

इंजिनाला धक्काच बसला. “इतकी वर्षं मला माझंच उष्टं भरवलंस?”

“ओंजळभरच हो, इंजिनराव,” झडप म्हणाली. “त्या धुरात जाळाला पोसणारं फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून तुमचा जाळ आवरतो. नुसत्या हवेवर तो असा भडकेल की हवेचंच विष होईल.”

“विटाळ तो विटाळ. तोंड मिटून घे.”

झडप मिटली. इंजिन चेकाळलं. शेपटीकडे सायलेन्सर होता. बाहेरचं तेवढं त्यालाच दिसे. इंजिनाने त्याला विचारलं, “धूर कसा आहे?”

“दिसतसुद्धा नाही, इतका स्वच्छ.”

“ऐकलंस?” इंजिन झडपेला म्हणालं. “याला म्हणतात सोवळं.”

जीप शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. इंजिन ऐटीत धडधडत राहिलं. थोड्या वेळाने सायलेन्सर चाचरत म्हणाला, “इंजिनराव, पोरं डोळे चोळतायत. एक मुलगी खोकून खोकून खाली बसलीय.”

“पण धूर दिसत नाही म्हणालास ना?”

“अजूनही दिसत नाही. पण निघतोय माझ्याच तोंडून.”

इंजिनाची धडधड चुकली. झडपेकडे बघायचंही त्याला धैर्य होईना. शेवटी ते हळूच म्हणालं, “बाई, ते उष्टं वाढा.”