पहिला घोट शेजाऱ्याचा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती पण द्राक्षांना होती, तेव्हा एका खोऱ्यात काजळी नावाचं द्राक्ष पिकत असे. काळंभोर, बारीक मण्यांचं. लोक त्याचं आसव करत आणि ते रांजणात मुरलं की एक रीत पाळत. ज्याचा रांजण त्यानं पहिला घोट घ्यायचा नाही. तो शेजाऱ्यानं घ्यायचा आणि "जमलं" की "नाही जमलं" ते सांगायचं. आपला तो बाब्या असतोच ना, म्हणून ही रीत!

त्या खोऱ्यातल्या एका मळेकऱ्याची काजळी सर्वांत सरस होती. हे त्यालाही ठाऊक होतं, जरा जास्तच. एका वर्षी शेजारणीनं चारचौघांत त्याच्या आसवाचा घोट घेतला.

"नाही जमलं, दादा. देठ निवडायचे राहिले. तुरट लागतंय."

कुणी हसलं नाही, पण त्याला सगळे हसल्यासारखे वाटले. "माझं आसव मला कळतं," असं म्हणून त्यानं बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

पुढच्या वर्षी त्यानं एकट्यानंच रांजण उघडला. सवयीनं दोन पेले मांडले आणि दोन्ही स्वतःच प्यायला. "जमलं," तो मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या कोठारात त्याचाच आवाज घुमला.

अशी बारा वर्षं गेली. दर वर्षी तो कुंपणापाशी कान देऊन उभा राही. पलीकडे शेजारणीचा रांजण उघडे, कुणीतरी "जमलं!" म्हणे आणि एकच गलका होई. हा शब्द आपल्यालाही कुणी म्हणावा, एवढंच त्याला हवं होतं. पण मोडेन पण वाकणार नाही, हा त्याचा बाणा. इकडे रांजणाच्या काठाला बारीक चीर गेली होती, ती त्याला दिसली नाही. आसव दर वर्षी थोडं थोडं आंबट होत गेलं आणि त्याची जीभही त्याला सरावत गेली.

तेराव्या वर्षी मात्र एकटेपणा मानापेक्षा जड झाला. त्यानं काटे उपसले आणि पेला घेऊन तो शेजारणीच्या दारात गेला. ती आता थकली होती. काही न विचारता तिनं घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"दादा, हा तर आंबट शिरका झालाय."

"कधीपासून?"

"ते मी कसं सांगू? इतकी वर्षं घोट कुठं दिलात?"

त्यानं सगळं आसव बांधावर ओतून दिलं. नवा रांजण आणला. एकेक देठ हातानं निवडला. पण ते आसव मुरायच्या आत शेजारीण देवाघरी गेली.

रांजण उघडला त्या दिवशी सारं खोरं आलं. सगळे म्हणाले, "जमलं! जमलं!" त्यानं पुन्हा काटे लावू नयेत म्हणून म्हणाले, की खरंच म्हणाले, कोण जाणे. तोंडावर "नाही" म्हणणारी जीभ आता राहिली नव्हती. जो शब्द ऐकायला तो तेरा वर्षं झुरला, तो खरा की भिडेचा, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: खरं बोलणाऱ्याला कुंपणाबाहेर ठेवलं, की कौतुकालाही चव उरत नाही.