खांबातले भुंगे

“एवढंच सांगा माई. मारू, की राहू देऊ?”

माईंनी मान वर केली नाही. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या.

त्र्यंबकराव मठाच्या ओसरीवर, खाली जमिनीवर बसले होते. मांडीशी कापडी पिशवी आणि पिशवीत फवारणीच्या औषधाची बाटली. घरी ठेवली असती तर मुलानं, हेरंबानं, सकाळीच वापरून टाकली असती. म्हणून ते ती सोबत घेऊनच निघाले होते.

“काय मारायचंय?” माईंनी विचारलं.

“भुंगे.”

“कुठले?”

“परसातले. कृष्णकमळाचा मांडव आहे ना आमच्याकडे, त्याच्या खांबाला भोकं पाडून आत राहिलेत. खांब आंब्याचा आहे, जुना. पोखरून पोखरून पार पिंजला त्यांनी. काल सूनबाईला एक चावला. नात रांगती आहे, दिवसभर अंगणात असते. आणि...”

“आणि?”

“आणि मला ध्यानाला बसवत नाही. मांडवाखालीच बसतो मी. डोळे मिटले की यांची घूंऽ घूंऽ सुरू.”

माईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

त्र्यंबकराव माईंचे जुने शिष्य. निवृत्त मुख्याध्यापक, वाणी स्वच्छ, पाठांतर दांडगं. दर गुरुवारी त्यांच्या ओटीवर माणसं जमत आणि ते नादावर बोलत. कान झाकून आत ऐकत गेलं की आधी समुद्राची गाज येते, मग मृदंग, मग घंटा... असं ते रंगवून सांगत. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. आपल्या गुरुजींनी तो नाद ऐकलाय, असं गावात सगळे धरून चालले होते. गुरुजींनी तसं कधी म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

“मी स्वतः मुंगीसुद्धा मारत नाही, तुम्हाला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण घरात लहान मूल आहे. तुम्ही एकदा हो म्हणालात तर...”

“तर पाप माझं.”

त्र्यंबकरावांची नजर पिशवीकडे गेली. हेच ते रात्रभर मनात घोळवत होते, पण इतक्या उघड्या शब्दांत त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

माईंनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं. काठी घेतली.

“चल.”

“कुठं माई?”

“तुझ्या परसात.”

माई टेकडी सहसा उतरत नसत. ऐंशी ओलांडलेलं वय, गुडघे धरलेले. त्र्यंबकरावांनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. नदीवरचा साकव त्यांनी एकटीनं, काठी टेकत ओलांडला. फाल्गुनातली सकाळ होती. पाणी उतरून खडक उघडे पडले होते.

घरी हेरंब तयारीत होता. घमेल्यात सिमेंट कालवलेलं, हातात थापी. आधी औषध मारायचं, मग भोकं बुजवायची, असा त्याचा बेत. माईंना दारात बघून त्यानं थापी खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला.

रेवती, त्याची बायको, पोरीला, ओवीला, कडेवर घेऊन बाहेर आली. उजव्या हाताला हळदीचा लेप होता. मनगटापासून बोटांपर्यंत हात टम्म सुजला होता.

माईंनी तो हात आपल्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

“दुखतंय?”

“काल फार दुखला. आता ठणकतोय.”

“कसा चावला?”

“कपडे काढत होते. दोरी त्याच खांबाला बांधलीय. दोरीवर बसलेला दिसला नाही मला, मूठ त्याच्यावरच आवळली गेली.”

“भीती वाटते?”

रेवतीनं पोरीकडे पाहिलं. “माझी नाही वाटत. हिची वाटते.”

“वाटायलाच हवी,” माई म्हणाल्या.

रेवती काहीतरी उपदेश ऐकायच्या तयारीनं उभी होती. तिचे खांदे जरा सैल झाले.

मग माई परसात गेल्या. मांडवापाशी पोचल्यावर त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. त्र्यंबकरावांनी ते पाहिलं आणि, का ते न कळता, आपल्याही काढल्या.

कृष्णकमळ भरात होतं. जांभळी फुलं पालथी, उताणी, हवी तशी लोंबत होती. खांबाच्या पायथ्याशी पिवळ्या भुशाचे ढीग साचले होते. खांबावर सहा-सात भोकं होती, गिरमिटानं पाडावीत तशी गोल. एका भोकातून काळं, गुळगुळीत डोकं बाहेर आलं, जरा थांबलं आणि मागे सरलं.

माई पुढे झाल्या. त्यांनी काठी हेरंबाकडे दिली, दोन्ही हातांनी खांब धरला आणि कान त्याला लावला.

“माई...” हेरंब पुढे सरसावला.

त्र्यंबकरावांनी त्याला हातानं थांबवलं. एक भुंगा उडत आला आणि माईंच्या पांढऱ्या केसांभोवती घिरट्या घालू लागला. चांगला अंगठ्याएवढा. उन्हात त्याच्या पंखांवर निळी-जांभळी झाक मारत होती. तो माईंच्या कपाळावर उतरला, भुवईवरून चालत गेला आणि खांबावर चढून भोकात शिरला.

माईंनी पापणी हलवली नाही.

बऱ्याच वेळानं त्या बाजूला झाल्या. गालावर लाकडाचा ठसा उमटला होता.

“ये,” त्या म्हणाल्या.

त्र्यंबकराव जागचे हलले नाहीत.

“चावेल माई.”

“चावेल.”

त्या ‘काही होत नाही’ म्हणाल्या असत्या तर त्र्यंबकरावांना बरं वाटलं असतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. हेरंब बघत होता, रेवती बघत होती. त्र्यंबकरावांनी डोळे मिटले आणि कान खांबाला लावला.

काहीच नाही.

लाकूड गार होतं. जुन्या आंब्याचा, भुशाचा आंबूस वास येत होता. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता, घाबरलेला, आखूड. आत सगळं चिडीचूप. कुणी परकं दाराशी आलं की घरातली माणसं बोलणं थांबवतात, तसं.

...

मग करकर आली. अगदी बारीक. लांब कुठंतरी, बंद दाराआड एखादा सुतार कानस फिरवत असावा अशी. थांबली. पुन्हा आली. मग खालून दुसरी. मग वर, कपाळाच्या रेषेत, तिसरी.

त्र्यंबकरावांना वाटलं होतं, भोक म्हणजे भोक. आत सहा-सात किडे बसलेले असतील. पण आवाज खांबभर फिरत होता. वर जात होता, वळत होता, खाली उतरत होता. आत बोळ होते. बोळांत खोल्या होत्या. कुणीतरी परागाचा गोळा ढकलत होतं, कुणी भिंत घालत होतं, कुणी नुसतंच कूस बदलत होतं. ते हे डोळ्यांनी पाहत नव्हते आणि तरी त्यांना ते दिसत होतं. रोज पाठ टेकून बसायचा हाच खांब. या लाकडात एक गाव वसलं होतं, आणि ते त्याच्या वेशीवर बसून बंद डोळ्यांनी तक्रार करत होते.

मग घुमणं सुरू झालं.

ते कानाला ऐकू आलं नाही. आधी दातांत आलं. मग गालाच्या हाडात, मग कवटीत, मग गळ्याखाली, छातीत. एकानं धरलेला सूर दुसऱ्यानं उचलला, मग तिसऱ्यानं. खांब थरथरत होता आणि खांबाला धरलेले हात थरथरत होते. कोण कुणामुळे, हे सांगता आलं नसतं.

गालावर काहीतरी उतरलं.

सहा पाय. प्रत्येक पाय त्यांना वेगळा कळला. जड, उबदार, केसाळ असं काहीतरी त्यांच्या गालावरून नाकाकडे चालत आलं आणि डोळ्याखाली थांबलं. पंख फडफडले. त्यांचा वारा पापण्यांच्या केसांना लागला. फुलातल्या पिवळ्या धुळीचा वास आला.

भ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

...

“आबा... अहो आबा.”

रेवती हाक मारत होती. त्र्यंबकरावांनी डोळे उघडले. आधी नीट दिसेना. मग कळलं, डोळ्यांत पाणी आहे. मांडवाची सावली सरकून विहिरीच्या कठड्याला लागली होती. नात आईच्या खांद्यावर झोपली होती. घमेल्यातलं सिमेंट कडेनं घट्ट होऊ लागलं होतं.

“मी तीनदा हाक मारली,” रेवती हळूच म्हणाली. “तुम्ही इतके शांत होतात... मी घाबरले.”

त्र्यंबकरावांना बोलता येईना. दर गुरुवारी तासन्‌तास बोलणारा माणूस. त्यांनी नुसता हात पुढे केला, सुनेला बोलावलं आणि खांबाकडे बोट दाखवलं.

रेवतीनं पोरीला हेरंबाकडे दिलं. सुजलेला हात पाठीमागे धरून ती पुढे आली. कान लावला. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिचं तोंड किंचित उघडलं आणि तसंच राहिलं.

ती मागे आली तेव्हा तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“आत बाळं आहेत,” ती म्हणाली.

हेरंबानं घमेल्याकडे पाहिलं. मग त्यानं झोपलेली पोर माईंच्या हातात दिली. जाऊन कपड्यांची दोरी खांबावरून सोडली. झटका न देता, एकेक वेढा उलगडत. ती त्यानं पेरूच्या झाडाला बांधली. गोठ्यामागचा लोखंडी पाईप आणला, जुन्या खांबापासून हातभर अंतरावर खड्डा घेतला, पाईप उभा करून मांडवाचा भार त्यावर घेतला आणि घट्ट होत आलेलं सिमेंट पाणी न घालता तसंच पायथ्याशी ठोकून बसवलं.

“भोवती कूड घालायला हवा,” रेवती म्हणाली. “ओवी इथवर येणार नाही असा.”

“संध्याकाळपर्यंत घालतो.”

“आणि पिशवीतली ही बाटली परत करून ये,” त्र्यंबकराव म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

माईंना जेवायला थांबा म्हणून आग्रह झाला. त्यांनी गूळ-पाणी घेतलं आणि निघाल्या. त्र्यंबकराव पोचवायला गेले. उन्हं चढली होती. अनवाणीच निघालो, हे त्यांना नदीजवळच्या तापल्या वाळूत कळलं.

माई पुढे, ते मागे.

साकवापाशी येईपर्यंत त्यांच्या घशात शब्द जमा झाले होते. त्यातले पुष्कळसे नेहमीचे, पोथीतले, गुरुवारी वापरायचे. त्यांनी एकेक करून ते सोडून दिले. शेवटी एकच उरला, तो त्यांचा स्वतःचा होता.

“माई.”

माई थांबल्या.

“तो आवाज खांबातून येत होता, की माझ्या आतून... ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.”

माईंनी साकवाच्या फळीवर काठी टेकली. खालून पाणी वाहत होतं.

“त्या भुंग्यालाही कळलं नसेल,” त्या म्हणाल्या.